कपलिंग सारखं तुटतंय पण व्हायब्रेशन रीडिंग नॉर्मल येतंय? मग शाफ्टचा पीळ तपासा, तो असा

चार महिन्यांत तीनदा कपलिंगचं (मोटर आणि मशीनचे शाफ्ट जोडणारा भाग) रबर गेलं, अलाइनमेंट लेझरने करून घेतलं, बेअरिंगवरचं व्हायब्रेशन दोन-अडीच एमएम पर सेकंद म्हणजे सगळं हिरव्या पट्ट्यात, आणि तरी चौथ्यांदा पण गेलंच. अशी मशीन तुमच्याकडे असेल तर हे वाचा. मी वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत बसतो, वीसेक वर्षं फिरत्या मशीनांचंच काम करतोय, आणि आजही महिन्यातून एखादा फोन येतोच की अलाइनमेंट करायला या. जाऊन बघितलं तर अलाइनमेंट ठीक असतं. त्रास असतो टॉर्शनल व्हायब्रेशनचा, आणि तो मोजायला कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी हे काय आहे ते नीट समजून घ्या कारण इथेच गल्लत होते. आपण रोज मोजतो ते व्हायब्रेशन म्हणजे शाफ्ट वरखाली किंवा आडवा हलतो, बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग हाउसिंगला ढकलतं आणि आपला पिकअप ते पकडतो. टॉर्शनल म्हणजे शाफ्ट स्वतःभोवतीच पुढेमागे पिळला जातो, ओलं कापड पिळताना दोन हात उलट्या दिशेने फिरतात ना, तसं. ६०० आरपीएमवर मशीन फिरतेय, पण त्या एका फेरीत मोटरकडचं टोक दोनदा जरा पुढे पळतं आणि दोनदा जरा मागे रेंगाळतं. यात बेअरिंगला कुणी ढकलतच नाही, मग हाउसिंगवर दिसणार काय? मध्ये गिअरबॉक्स असेल तर दात एकमेकांना बाजूला ढकलतात म्हणून थोडंफार उमटतं, डायरेक्ट कपल्ड मशीनवर तर बहुतेक वेळा काहीच नाही. म्हणून रीडिंग चांगलं आलं की पिळाचा प्रश्न नाही असं समजू नका, त्या रीडिंगने पिळाबद्दल काही सांगितलेलंच नसतं.

तुटलेला माल फेकू नका, आधी बघा

मशीन बंद करा, लॉकआउट टॅगआउट (वीज तोडून कुलूप आणि पाटी लावणं) पूर्ण करा आणि कपलिंग गार्ड काढा. बेसप्लेटवर कपलिंगच्या बरोबर खाली काळी भुकटी दिसतेय का? बोटावर घेऊन चोळा. ग्रीसचा मळ चिकटतो, रबराची भुकटी कोरडी असते आणि पेन्सिलीच्या शिसासारखी बोटावर पसरते. मग स्पायडर (कपलिंगच्या पंज्यांमध्ये बसणारा रबराचा तारा) किंवा रबर ब्लॉक मधोमध कापून बघा, नक्की कापा, बाहेरून बघून अर्धीच गोष्ट कळते. रबरातून उष्णता बाहेर पडत नाही, सारखं दाबलं-सोडलं गेलं की ते आतून तापतं, म्हणून वरून धड दिसणारा तुकडा आतून मऊ, चिकट किंवा फुगे आल्यासारखा निघतो. असं निघालं तर समजायचं की याला पीळ खातोय. मिसअलाइनमेंटने रबर बहुतेक कडेकडेने झिजतं.

की-वेपाशी (शाफ्टमधली की बसवायची खाच) लाल-तांबूस पावडर दिसली तर तिथे हब (शाफ्टवर बसणारा कपलिंगचा अर्धा भाग) आणि शाफ्ट एकमेकांवर बारीक घासतायत. आणि शाफ्टच तुटला असेल तर तडा कसा गेलाय ते बघा, यात सगळी कहाणी लिहिलेली असते. वाकण्याच्या फटीगने (परत परत ताण येऊन थकल्याने) गेलेला तडा शाफ्टच्या अक्षाला काटकोनात, सपाट असतो. पिळाने गेलेला तडा साधारण ४५ अंशात, स्क्रूच्या आट्यासारखा चढत जातो, आणि बऱ्याचदा सुरुवात की-वेच्या टोकापासून झालेली असते कारण ताण तिथे गोळा होतो. नवीन पोरांना हे दाखवायला मी फळ्यावरचा खडू वापरतो. दोन्ही हातांत धरून वाकवून तोडा, सरळ तुटतो. दुसरा घ्या आणि फक्त पिळा, तुटलेलं तोंड तिरकं, वळणदार येतं. एकदा हातानं केलं की आयुष्यभर विसरत नाही.

शेवटची खूण आवाजाची. ठराविक स्पीडलाच खडखड येते आणि पाच-पन्नास आरपीएम वरखाली केलं की जाते, तर त्याचा अर्थ पुढेमागे होणारा टॉर्क सरासरी टॉर्कपेक्षा मोठा झालाय, म्हणजे क्षणभर टॉर्क उलटा होतो आणि गिअरचे दात किंवा कपलिंगचे पंजे सुटून परत आपटतात.

आता हिशोब, वहीतच होतो

नंदेसरीकडच्या एका केमिकल प्लांटमधली केस घेतो, आकडे हिशोबासाठी गोल केलेत. दोन सिलिंडरचा डबल अ‍ॅक्टिंग रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर, १६० किलोवॅटची ८ पोल मोटर, ७४० आरपीएम, मध्ये रबर ब्लॉकचं कपलिंग. अनेक वर्षं बिनबोभाट चालला. मग वीज वाचवायला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह, लावला (निर्णय चांगलाच होता) आणि त्यानंतर कपलिंग जायला लागलं. तिथले फिटर काका मला गेटवरच म्हणाले, "साहेब, पाछुं गयुं." म्हणजे परत गेलं. त्यांच्या हातात कपलिंगचं रबर होतं आणि ते अजून कोमट होतं.

तुम्हाला तीन आकडे लागतात: मोटरचा इनर्शिया (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध), कॉम्प्रेसरचा इनर्शिया आणि मधला टॉर्शनल स्टिफनेस.

मोटरचा इनर्शिया डेटाशीटवर असतो पण इथे एक खड्डा आहे. जुन्या डेटाशीटवर आणि काही कंपन्यांच्या आजच्याही शीटवर तो जीडी-स्क्वेअर म्हणून देतात, आपल्याला हवा असलेला इनर्शिया, म्हणजे जे, त्याचा चौथा हिस्सा असतो. युनिट न बघता आकडा उचलला तर इनर्शिया चौपट धरला जातो आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो. आपल्या मोटरवर जीडी-स्क्वेअर ३६ लिहिलं होतं, म्हणजे जे झाला ९ किलोग्रॅम मीटर स्क्वेअर. कॉम्प्रेसरचा आकडा मेकरकडून मागवा, फ्लायव्हीलचा स्वतःच काढता येतो. भरीव चकती असेल तर अर्धं गुणिले वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, ५०० किलो आणि ७०० एमएम व्यास असेल तर साधारण ३०.६ येतो. क्रँक वगैरे धरून आपला कॉम्प्रेसर ४५ धरू.

स्टिफनेस म्हणजे एक रेडियन पिळायला किती न्यूटन मीटर लागतील ते. गोल शाफ्टसाठी: जी गुणिले पाय गुणिले व्यासाचा चौथा घात, भागिले ३२ गुणिले लांबी. जी म्हणजे शिअर मॉड्युलस, स्टीलसाठी तो ८० गिगापास्कल घ्या. १०० एमएमचा अर्धा मीटर शाफ्ट साधारण १५.७ लाख न्यूटन मीटर पर रेडियन देतो. व्यासाचा चौथा घात आहे हे लक्षात असू द्या, तोच शाफ्ट ८० एमएमचा केला तर ६.४ लाखच उरतो. हबच्या आत गेलेला शाफ्ट पण थोडा पिळला जातो, की असलेल्या फिटला आतल्या लांबीचा एक तृतीयांश भाग मोकळा धरायची पद्धत आहे.

कपलिंगचा स्टिफनेस कॅटलॉगमधून घ्यायचा, आणि रबर असेल तर डायनॅमिक स्टिफनेसचा कॉलम बघायचा, स्टॅटिकचा नाही. आपलं १.३ लाख होतं. सगळं एकामागे एक जोडलेलं आहे म्हणून उलट्यांची बेरीज करून परत उलटं करायचं, १.३ लाख आणि १५.७ लाख मिळून १.२ लाख. दिसतंय ना, स्टीलचा शाफ्ट कितीही दणकट असू दे, नरम कपलिंगच सगळं ठरवतं.

आता दोन्ही इनर्शियांचा गुणाकार भागिले बेरीज: ९ गुणिले ४५ भागिले ५४, म्हणजे ७.५. स्टिफनेस भागिले हा आकडा, १६०००. त्याचं वर्गमूळ १२६.५, त्याला ६.२८ ने भागा, २०.१ हर्ट्झ. ६० ने गुणलं की मिनिटाला १२०८ वेळा. ही या ट्रेनची, म्हणजे मोटर-कपलिंग-कॉम्प्रेसरच्या साखळीची, पहिली टॉर्शनल नॅचरल फ्रिक्वेन्सी, धक्का बसला की ती आपोआप याच वेगाने पुढेमागे पिळते.

डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडर एका फेरीत दोनदा जोर लावतो, म्हणून मुख्य धक्का स्पीडच्या दुप्पट येतो. १२०८ ला २ ने भागा, ६०४ आरपीएम. व्हीएफडी लागायच्या आधी मशीन फक्त ७४० वर चालायची, तिथे दुप्पट म्हणजे २४.७ हर्ट्झ, २०.१ पासून चांगलं लांब. स्टार्ट होताना ६०४ वरून सेकंदभरात निघून जायची. व्हीएफडी आल्यावर रात्रपाळीत डिमांड कमी असली की ऑपरेटर तिला ६०० वर ठेवायचा, आठ-आठ तास, बरोबर रेझोनन्सच्या डोक्यावर, म्हणजे धक्का आणि नॅचरल फ्रिक्वेन्सी जुळतात तिथे. ना ऑपरेटरची चूक ना कपलिंगची. ड्राइव्ह लावताना हा पानभर हिशोब कुणी केला नाही एवढंच.

रेझोनन्सवर किती वाढतं? सगळं स्टील असेल आणि डॅम्पिंग (कंप शोषून घेणं) १ ते २ टक्के असेल तर २५ ते ५० पट. रबर कपलिंग स्वतः डॅम्पिंग देतं म्हणून ५ ते १० पटीवर थांबतं, पण ती डॅम्पिंगची ऊर्जा उष्णता होऊन त्याच रबरात जाते, म्हणून तर काकांच्या हातातलं रबर कोमट होतं.

मध्ये गिअरबॉक्स असेल तर स्लो बाजूचा इनर्शिया आणि स्टिफनेस दोन्ही रेशोच्या वर्गाने भागून मोटरच्या बाजूला आणा. रेशो २० असेल तर ४००० चा ड्रम मोटरला फक्त १० दिसतो. तीन-चार वस्तुमानांची ट्रेन असेल तर होल्झरची टेबल पद्धत आहे, एक्सेलमध्ये सहज बसते, आमच्या इकडे १८९० साली सुरू झालेल्या कलाभवन या तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत शिकलेल्या जुन्या मंडळींनी ती स्लाइड रूलवर केलेली आहे. पण पहिला अंदाज काढायला दोन वस्तुमानांचं गणित खूप पुढे नेतं, त्याला घाबरू नका.

नरम कपलिंग टाका म्हणणाऱ्यांसाठी

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. वेंडर म्हणतो नरम टाका, दुसरा म्हणतो कडक टाका, आणि दोघंही फ्रिक्वेन्सी न काढता बोलतात. आपल्याच मशीनवर बघू. एकूण स्टिफनेस ५० हजारावर आणला तर फ्रिक्वेन्सी १३ हर्ट्झ, मिनिटाला ७८०. आता दुप्पटचा प्रश्न ३९० वर गेला, छान, पण ७८० हा एकपटीचा रेझोनन्स ७४० च्या अगदी शेजारी येऊन बसला. एकपटीचा धक्का चांगल्या कॉम्प्रेसरमध्ये लहान असतो, पण एक व्हॉल्व्ह फुटला की तो सिलिंडर एकाच बाजूने काम करायला लागतो आणि एकपट एकदम मोठा होतो. मग कडक करू, ४ लाख? ३६.८ हर्ट्झ येतं, तिप्पट ७३५ वर आणि चौपट ५५१ वर. एका जाळ्यातून निघून दुसऱ्यात.

म्हणून आलेख काढा, आडवा स्पीड, उभी फ्रिक्वेन्सी, एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपटच्या तिरक्या रेषा आणि नॅचरल फ्रिक्वेन्सीची आडवी रेष. कॅम्पबेल डायग्राम म्हणतात. जिथे छेदतात तिथे मशीन चालवायची नाही. एपीआय ६१८ (रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरचं अमेरिकन स्टँडर्ड) मध्ये चालत्या स्पीडपासून १० टक्के आणि बाकीच्या पटींपासून दहाव्या पटीपर्यंत ५ टक्के अंतर सांगितलंय. रबर असेल तर मी सगळीकडे १० च धरतो, कारण रबराचा स्टिफनेस स्थिर नसतो, थंडीत वाढतो, तापलं की घटतो, जुनं झालं की परत कडक होतो.

आम्ही ८४ हजाराचं कपलिंग निवडलं, शाफ्टसकट ८० हजार. १६.४ हर्ट्झ, दुप्पट ४९३ आरपीएमवर, एकपट ९८६ वर. मग २० टक्के वरखाली करून बघितलं, कडक झालं तर दुप्पट ५४० पर्यंत चढतो, नरम झालं तर एकपट ८८२ पर्यंत उतरतो. म्हणून ड्राइव्हवर किमान स्पीड ६०० लॉक केला आणि ६०० ते ७४० मोकळं झालं. प्रॉडक्शनवाल्यांना ४५० पर्यंत हवं होतं, थोडा वाद झाला, आलेख टेबलवर ठेवल्यावर मिटला.

कपलिंग यायला पाच आठवडे लागणार होते. तोपर्यंत ड्राइव्हमध्ये स्किप बँड (ड्राइव्हने ज्यात थांबायचं नाही असा स्पीडचा पट्टा) टाकला, जवळजवळ प्रत्येक व्हीएफडीत ही सोय असते आणि ती बहुतेक रिकामी पडलेली असते. जुन्या कपलिंगवर ६०४ च्या आजूबाजूचा ५४५ ते ६६५ पट्टा टाळायचा होता, ८ पोल मोटर म्हणजे एका हर्ट्झला १५ आरपीएम आणि वर १० आरपीएम स्लिप (मोटर जेवढी मागे राहते ते), म्हणजे ३७ ते ४५ हर्ट्झ. पट्टा ओलांडताना ड्राइव्ह रेंगाळत नाही ना, ते रॅम्प टाइममध्ये बघून घ्या.

मोजल्याशिवाय खात्री नाही

हिशोब हा अंदाज आहे, मोजमाप करायलाच हवं. सगळ्यात स्वस्त पद्धत स्ट्रोबची, म्हणजे ठराविक वेगाने लुकलुकणाऱ्या दिव्याची. मशीन बंद असताना दोन्ही हबवरून एक सरळ पांढरी रेष ओढा, जाळीच्या गार्डमधून दिसेल अशी. हब ३०० एमएमचा असेल तर १ अंशाचा पीळ काठावर २.६ एमएम दिसतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना पुरेसा. स्ट्रोब स्पीडपेक्षा किंचित कमी लावा म्हणजे रेष सावकाश फिरताना दिसेल. ७४० वर दोन तुकड्यांमधलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं. ६१० वर आणलं तर रेषेची एक सावकाश फेरी होईपर्यंत ते अंतर दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. काका माझ्या खांद्यावरून बघत होते, ते काही बोलले नाहीत, फक्त दोन बोटं वर केली. दुप्पटचा धक्का असा डोळ्यांनी दिसतो.

पण एक गोष्ट काळजीने वाचा. स्ट्रोबखाली फिरतं कपलिंग थांबल्यासारखं दिसतं. गार्ड काढून हे कधीच करू नका, हात पुढे करू नका, सैल कपडे, ओढणी, ओळखपत्राची दोरी काही नको. या एका भासापायी माणसांचे हात गेलेत.

आकडे हवे असतील तर शाफ्टवर ४५ अंशात स्ट्रेन गेजचा फुल ब्रिज आणि टेलिमेट्री, म्हणजे खरा टॉर्क मिळतो. सिग्नल लहान असतो, आपल्या २०६५ न्यूटन मीटरच्या रेटेड टॉर्कला १०० एमएमच्या शाफ्टवर एका गेजला साधारण ६६ मायक्रोस्ट्रेन, त्यामुळे व्हीएफडीच्या केबलपासून सगळं लांब ठेवा आणि मशीन बंद असताना झिरो घ्या. दुसरा मार्ग शाफ्टभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची झेब्रा टेप आणि ऑप्टिकल सेन्सर, किंवा फ्लायव्हीलचे दात आणि मॅग्नेटिक पिकअप. दोन पल्समधला वेळ कमीजास्त होतो त्यावरून पीळ कळतो. टेपचा जोड नीट बसला नाही तर दर फेरीला एक खोटा काटा येतो, तो एकपट समजून मागे लागू नका.

आणि जागा चुकवू नका. पिळामध्ये एखादी जागा अशी असते जी पुढेमागे हलतच नाही, तिला नोड म्हणतात, आणि गंमत म्हणजे तिथेच टॉर्क सगळ्यात जास्त असतो. म्हणून टेप मोटरच्या मोकळ्या टोकाला लावायची, स्ट्रेन गेज कपलिंगशेजारी. मग ४५० पासून ७४० पर्यंत १० आरपीएमच्या पायऱ्यांनी चढा, प्रत्येक पायरीवर अर्धा मिनिट थांबा. घाईने रॅम्प केला तर रेझोनन्स पूर्ण उभाच राहत नाही आणि तुम्ही सगळं ठीक आहे असा रिपोर्ट लिहून मोकळे होता.

धक्का नेहमी मशीनकडूनच येतो असं पण नाही. युनिव्हर्सल जॉइंट कोनात चालला की दुप्पट देतो, व्हीएफडी आउटपुट फ्रिक्वेन्सीच्या ६ आणि १२ पट टॉर्क रिपल देतो, आणि वेक्टर मोडमध्ये स्पीड लूपचा गेन जास्त ठेवला तर ड्राइव्ह स्वतःच नॅचरल फ्रिक्वेन्सीवर हंट करायला, म्हणजे स्पीड वरखाली करत राहायला, लागतो, अशा वेळी गेन कमी करून बघा, एक पैसा खर्च नाही. सॅलिअंट पोल सिंक्रोनस मोटर स्टार्ट होताना १०० हर्ट्झपासून शून्यापर्यंत उतरत जाणारा धक्का देते, वाटेत जी नॅचरल फ्रिक्वेन्सी येईल तिला हलवूनच पुढे जाते, म्हणून तिथे एका शाफ्टला आयुष्यभरात किती स्टार्ट झेपतील हेच मोजावं लागतं. अमेरिकेत नेवाडातल्या मोहावी पॉवर स्टेशनमध्ये तर १९७० आणि १९७१ असे दोनदा जनरेटरचे शाफ्ट खराब झाले, आणि कारण निघालं ट्रान्समिशन लाइनमधल्या सिरीज कपॅसिटरचं. विजेच्या तारा आणि शाफ्टचा पीळ एकमेकांशी बोलत होते.

नवीन कपलिंग बसल्यावर परत तीच पायऱ्यांची टेस्ट करा, हिशोबाचं १६.४ आणि मोजलेलं यात १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर स्टिफनेस नाहीतर इनर्शिया, काहीतरी चुकीचं धरलंय. ५०० तासांनी गार्ड काढून भुकटी बघा. आणि स्टोअरमध्ये जाऊन स्वतः उभं राहून आयटम कोडमध्ये फक्त साइझ नाही तर रबराचा शोअर हार्डनेस आणि डायनॅमिक स्टिफनेस लिहून घ्या. त्याच साइझचा स्पायडर ८० शोअर, ९२ शोअर, ९८ शोअर असा वेगवेगळा मिळतो, दिसायला रंगाचाच काय तो फरक, पण तो बदलला की अख्ख्या ट्रेनची फ्रिक्वेन्सी बदलते. नंदेसरीच्या त्या मशीनच्या गार्डवर आम्ही पितळी पट्टी ठोकलीय, त्यावर मराठीत नाही, गुजरातीत लिहिलंय कारण पाळीवरची माणसं ती वाचतात: किमान स्पीड ६००, रबर बदलताना हार्डनेस बघा.